टुंड्राचे पाहुणे आणि घरातील वडीलधारे



नोव्हेंबरची ५ तारीख हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ तारीख हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन जन्मदिवसांना सांधणारा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. या दिवसांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही तलावांकडे पक्षी पाहायला जाण्याचे बेत आखले जातात आणि त्याच सुमारास दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी येतो. ज्येष्ठ व्यक्ती तो बहुधा स्वतः विचारीत नाही. सोबत आलेली सून, मुलगा किंवा लेक जाता जाता हळू आवाजात विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, बाबा मंडळींबरोबर पक्षी बघायला जायचं म्हणताहेत. पाठवावं का?’’

या प्रश्नात माया असते आणि भीतीही असते. वाटेत चक्कर आली तर? पाय घसरला तर? उद्या काही झाले, तर जबाबदारी कोणाची? ही भीती अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु ‘नको’ म्हणण्यालाही एक किंमत असते आणि ती हळूहळू, कोणाच्या नजरेत न येता मोजली जाते. चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू रोडावतात. स्नायू रोडावले की तोल जातो. तोल जाण्याची धास्ती बसली की चालणे आणखी कमी होते. बोलायला माणूस नसले की मनाचेही तसेच होते. म्हणून ‘पाठवावे का’ या प्रश्नाऐवजी ‘कोणत्या तयारीने पाठवावे’ असा प्रश्न विचारावा, एवढेच आजच्या लेखाचे सांगणे आहे.

हे पाहुणे कोण?

ज्यांच्या भेटीला आपण जाणार, त्यांची ओळख आधी करून घेऊ. पृथ्वीच्या अगदी उत्तरेला, जिथे झाडे उगवणे थांबते, तिथे टुंड्रा नावाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. जमिनीच्या पोटात बारमाही गोठलेला थर आणि वर शेवाळ, खुरटी झुडपे व असंख्य डबकी. जून-जुलैत तिथे सूर्य मावळतच नाही. त्या अल्प उन्हाळ्यात डासांचे आणि किड्यांचे अमाप पीक येते. ते खाऊन पिले वाढवायची आणि बर्फ पडण्यापूर्वी दक्षिणेची वाट धरायची, असा तेथील पक्ष्यांचा वर्षक्रम आहे.

त्यांतील एक म्हणजे छोटा टिलवा. चिमणीएवढ्या अंगाचा हा चिखलपक्षी वजनाने जेमतेम वीस-तीस ग्रॅमचा, म्हणजे चार-पाच चहाचे चमचे साखरेइतका. उत्तर स्कँडिनेव्हिया आणि सायबेरियाच्या टुंड्रात तो जमिनीवरच घरटे करतो आणि हिवाळा काढण्यासाठी आफ्रिकेत व आपल्याकडे येतो. टुंड्रा साधारण ७० अंश उत्तर अक्षांशावर आणि बुलढाणा साडेवीस अंशांवर. एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर धरले, तर अगदी नाकासमोर उडूनही साडेपाच हजार किलोमीटर होतात. सायबेरियाच्या टुंड्रातून येणारा सोनेरी चिखल्या, उत्तरेच्या दलदलींतून येणारे तलवार बदक आणि निळ्या गळ्याचा, शंकर या नावाने ओळखला जाणारा छोटा पक्षी हेही त्याच उत्तरेचे प्रवासी.

या प्रवासाची तयारी पाहण्याजोगी असते. निघण्यापूर्वी हे पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात. तीच त्यांची वाटेतली शिदोरी. वाटेत पाणथळ जागी उतरून ते विसावतात, पुन्हा खातात आणि मगच पुढे जातात. शिदोरी बांधावी, टप्पे ठरवावे, दमण्यापूर्वी विसावा घ्यावा. ज्येष्ठांच्या सहलीचे सारे नियम या तीन गोष्टींत सामावतात.

हा छंद उतारवयाला का मानवतो?

एक कारण शरीराचे. रानातले पक्षी पाहायचे, तर मान वर करून झाडांचे शेंडे न्याहाळावे लागतात. मानेच्या मणक्यांची झीज असलेल्यांना त्याने मान दुखते आणि कित्येकांना गरगरतेही. पाणपक्षी मात्र समोर, नजरेच्या पातळीवर असतात. खुर्ची टाकून बसावे आणि पाहावे. शिवाय त्यांच्यासाठी पहाटे चारला उठण्याची गरज नसते. बदके आणि चिखलपक्षी ऊन वर आल्यावरही तलावावरच असतात.

दुसरे कारण स्वभावाचे. थव्याच्या जवळ जाण्याची घाई करणाऱ्याला पक्षी दिसत नाहीत. ते उडून जातात आणि दर उड्डाणाला त्यांची साठवलेली ताकद खर्ची पडते. एका जागी शांत बसणाऱ्याच्या समोर तेच पक्षी चरत चरत जवळ येतात. इतर सहलींत ज्येष्ठ माणूस ‘मागे राहतो’. इथे त्याचे स्वस्थ बसणे हाच गुण ठरतो.

तिसरे कारण मनाचे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पक्षी पाहिल्यावर वा ऐकल्यावर लोकांना अधिक बरे वाटत होते आणि हा परिणाम काही तास टिकत होता. नैराश्य असलेल्यांतही तो दिसला. याचा अर्थ पक्षी हे औषध आहे, असा नव्हे. नैराश्याची गोळी चालू असेल, तर ती चालूच ठेवावी. पण गोळीच्या जोडीला असे काही असेल, तर ते नाकारू नये.

कोणी जाऊ नये?

हा भाग कृपया वगळू नये. बसल्या जागी धाप लागत असेल, पायांची सूज वाढत असेल किंवा चार-सहा दिवसांत वजन एकाएकी वाढले असेल, तर सहल नको, आधी तपासणी. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, कोणतीही मोठी शस्त्रक्रिया किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर त्या त्या डॉक्टरांची परवानगी हवी. त्या दिवशी ताप असेल किंवा सकाळी रक्तदाब १८०/११० च्या वर असेल, तर घरीच थांबावे व डॉक्टरांशी बोलावे. गेल्या सहा महिन्यांत दोनदा वा अधिक वेळा पडणे झाले असेल, तर पडण्याचे कारण आधी शोधले पाहिजे.

इतरांसाठी घरच्या घरी करण्याजोगी एक ढोबळ चाचणी सांगतो. सपाट रस्त्यावर आपल्या चालीने दहा मिनिटे चालावे. चालताना पूर्ण वाक्ये बोलता येत असतील, छातीत दुखत वा आवळत नसेल आणि नंतर खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येत असेल, तर तलावाकाठी दीड-दोन तास बसून पक्षी पाहणे बहुतेकांना झेपते. हात टेकून उठावे लागत असेल, तर काठी आणि एक सोबती ठरवून जावे.

जागा आणि वेळ

आपल्या जिल्ह्यात जागांची वाण नाही. शहराजवळ पैनगंगेवरील येळगावचे धरण आहे, मोताळा तालुक्यात नळगंगा आहे, देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेचा विस्तीर्ण संत चोखासागर आहे. ज्ञानगंगा अभयारण्यात पलढगचा जलाशय आहे. लोणार सरोवराला तर २०२० मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

लोणारबद्दल मात्र सावधगिरीचा एक शब्द. उल्केच्या आघाताने झालेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे आणि शंभर मीटरहून अधिक खोल आहे. उतरताना काही वाटत नाही; चढताना गुडघे आणि हृदय दोन्हींची परीक्षा होते. आणि ज्याला चढ झेपत नाही, तो तेव्हा नेमका तळाशी असतो. साठी उलटलेल्यांच्या गटाने विवराच्या काठावरूनच सरोवर पाहावे, हे उत्तम. खाली उतरण्याची हौस नातवंडांनी भागवावी.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. वाहन कुठवर जाते, जवळ स्वच्छतागृह कुठे आहे आणि मोबाइलला रेंज मिळते का. गटातील एखाद्याने आदल्या आठवड्यात जाऊन हे पाहून यावे. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाऊ नये. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पक्षी भरपूर दिसतात. पण ती काळी माती वरून सुकलेली आणि आतून ओली असते. बुटाला चिकटते, पाय जड होतो आणि मग तोल जातो. या वयात मांडीचे हाड मोडण्याचे दुखणे किती महागात पडते, हे ज्यांनी घरात पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. पक्का रस्ता सोडू नये. चपला-सँडल घालू नयेत. मागून बंद, खरखरीत तळाचे बूट घालावेत.

वेळेविषयी बोलायचे, तर बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे; इथली हिवाळी पहाट बोचरी असते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. म्हणून आठच्या सुमारास निघावे आणि साडेअकरापर्यंत परतावे. कान झाकणारी टोपी आणि अंगावर एकावर एक घातलेले दोन-तीन पातळ कपडे असावेत; ऊन वाढेल तसे एकेक काढता येतात.

औषधे, खाणे, पाणी

मधुमेहींनी हे लक्षपूर्वक वाचावे. इन्सुलिन टोचून किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशीपोटी गाडीत बसणे ही अशा सहलींतील सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. ‘तिथे गेल्यावर नाश्ता करू’ हा बेत नको. नाश्ता घरी, नेहमीच्या वेळी. निघण्यापूर्वी साखर १०० च्या खाली असेल, तर आधी खावे आणि मग निघावे. खिशात साखरेची पुडी असावी. घाम फुटला, हात थरथरले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा एकदम चिडचिड करू लागला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे छातीतील धडधड आणि थरथर जाणवतच नाही, हेही सोबत्याला ठाऊक असावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लघवीची गोळी चालू असणाऱ्यांची अडचण वेगळी. मध्येच लघवीला जावे लागेल, या संकोचाने कित्येक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, गोळी चुकवतात आणि पाणीही पीत नाहीत. दोन्ही घातक. त्या दिवसापुरती गोळीची वेळ मागेपुढे करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बहुधा मार्ग निघतो. पाणी घोट-घोट घेत राहावे. गटप्रमुखाने दर तासाला स्वच्छतागृहासाठी थांबा जाहीर करावा. तो सर्वांसाठी असला की कोणालाच ओशाळे वाटत नाही.

बराच वेळ बसल्यावर एकदम उठू नये. पाय हलवावे, मिनिटभर थांबावे, मग उठावे. दम्याचा पंप खिशात असावा, गाडीतल्या पिशवीत नव्हे. हृदयरुग्णाला जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असेल, तर ती सोबत असावी व बसूनच घ्यावी. छातीत दुखू लागले, तर ‘एवढा थवा बघून निघू’ म्हणू नये.

डोळे, कान आणि दुर्बीण

हात थोडे कापणाऱ्यांनी दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण घेऊ नये. कंपही दहापट होतो. सात किंवा आठपट पुरे. चष्मा वापरणाऱ्यांनी दुर्बिणीच्या डोळ्याकडील कडी आत फिरवून घ्यावी, म्हणजे चष्म्यासकट नीट दिसते. दुर्बिणीचा भार मानेवर न घेता दोन्ही कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकवावीत. पाण्यावरची तिरीप डोळ्यांना त्रास देते, म्हणून सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला बसावे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. कमी ऐकू येणाऱ्यांनी श्रवणयंत्र घरी ठेवून येऊ नये. पक्ष्यांसाठी नसले, तरी सोबत्याची हाक ऐकण्यासाठी ते हवेच. मेलेला पक्षी दिसल्यास हात लावू नये, वनविभागाला कळवावे.

गट कसा असावा?

एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण सांगतो. वय ७६, मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. मुलगा पुण्याला, घरी सूनबाई. मुलाचे फोनवरून ठाम मत, ‘‘काही गरज नाही.’’ सूनबाई दोहोंच्या कात्रीत. गुरुजींची चाल मी पाहिली, रक्तदाब पाहिला, गोळ्यांची वेळ ठरवून दिली आणि मुलाशी बोललो. म्हटले, ‘‘धोका शून्य नाही, तो तुमच्या दिवाणखान्यातही शून्य नाही. पण तयारीने तो पुष्कळ कमी करता येतो.’’ गुरुजी गेले. गटाने त्यांच्याकडे वहीचे काम दिले : पक्ष्याचे नाव, संख्या, वेळ. दीड तासात ते दमले आणि ठरल्याप्रमाणे गाडी त्यांना घेऊन परतली. चमत्कार काही झाला नाही. साखर तेवढीच आहे. पण पुढल्या खेपेला त्यांनी औषधांच्या यादीऐवजी आधी वही दाखवली आणि हळदी-कुंकू बदक, वारकरी, शेकाट्या ही नावे मला वाचून दाखवली. सूनबाईंनी वेगळेच सांगितले, ‘‘त्या दिवशी मी तीन तास झोपले.’’

काळजी घेणाऱ्यांनो, हे वाक्य मी मुद्दाम तुमच्यासाठी लिहिले आहे. तुमची विश्रांती हा सहलीचा दुय्यम लाभ समजू नका. गटात दोन ज्येष्ठांमागे एक धडधाकट सोबती असेल, तर घरच्या माणसाने प्रत्येक वेळी जायलाच हवे, असे नाही. सहलीची चाल मात्र सर्वांत हळू चालणाऱ्यावरून ठरवावी आणि एक गाडी मध्येच परतण्यासाठी मोकळी असावी.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीलाही सुरुवातीच्या अवस्थेत नेता येते. नाव-पत्ता-फोन लिहिलेले कार्ड खिशात हवे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र सोबती हवा. पाणी जवळ आहे, हे विसरू नये. पक्ष्यांची नावे लक्षात राहणार नाहीत, न राहोत. एक बदक दिसले की ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकायचा, हे काम त्यांना द्यावे. परत आल्यावर ‘काय काय पाहिलं?’ अशी परीक्षा घेऊ नये.

जे घरीच आहेत

ज्यांना जाणे शक्यच नाही, त्यांच्या खाटेची दिशा खिडकीकडे करावी. गच्चीत वा अंगणात पाण्याचे पसरट भांडे ठेवावे आणि ते रोज घासून भरावे. सहलीहून परतलेल्यांनी त्यांच्याकडे जाऊन वही वाचावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आपण बहुधा दुखण्याविषयीच विचारतो; त्याला कोणी चोखासागरावरच्या बदकांविषयी सांगितले, तर त्याचे तोंड खुलते.

आणि ज्यांची मुले नॉर्वे किंवा अमेरिकेत आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याला प्रत्यक्ष टुंड्रावरील सहलीचा योग येईलही. तसे झाल्यास तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तेथील जमीन उंचवट्यांची आणि भिजलेल्या स्पंजासारखी असते, तेव्हा फळ्यांची पायवाट असेल तिथेच चालावे. रात्र होत नसल्याने झोप बिघडते. डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि औषधे सूर्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहून घ्यावीत. आणि दवाखाना फार दूर असतो, म्हणून औषधे दुप्पट दिवसांची न्यावीत व विमा आधीच उतरवावा.

बाकी आपण सर्वांनी आपल्याच तलावाशी वाट पाहावी. उत्तरेकडचे हे पाहुणे पावसाळा सरता सरता येऊ लागतात आणि उन्हाळा तापू लागला की परततात. म्हणजे पुढचे तीन-चार महिने आपल्या हाती आहेत. येत्या रविवारी बाबांना दहा मिनिटे चालवून पाहा, औषधांची यादी एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा. ‘पाठवावं का?’ असे विचारू नका. ‘पाठवायचंय, काय काळजी घेऊ?’ असे विचारा. आणि हा प्रश्न बाबांच्या पाठीमागे नको, त्यांच्या समोरच विचारा.